चष्मा लागला, म्हणून संगणक सोडायचा?

मागच्या महिन्यात ओपीडीत नववीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. तक्रार डोकेदुखीची. संध्याकाळी कपाळ दुखते, डोळे चुरचुरतात, फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात. मी तपासायला लागले तोच वडील म्हणाले, "मॅडम, गोळ्या नंतर द्या. आधी शाळेला एक चिठ्ठी द्या. हिचा कॉम्प्युटर बंद करायचाय. तो विषय घेतल्यापासूनच हे सुरू झालंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीची जात. आत्ताच चष्मा लागला तर पुढं अवघड होतं."

मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला विचारले, "संगणकाचा तास आठवड्यातून किती वेळा असतो?"

"दोनदा. पस्तीस मिनिटांचा. एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघी."

म्हणजे आठवड्याला ७० मिनिटे, तीही तिघींत वाटून. "आणि घरी मोबाइल?" ती गप्प. वडीलच म्हणाले, "बघते झोपताना थोडा वेळ." हा थोडा वेळ म्हणजे रात्री साडेदहा ते साडेबारा! दिवा बंद, कुशीवर पडून, मोबाइल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. आठवड्याचे झाले १४ तास. एवढा हिशेब मांडला तरी आरोपी कोण, हे दिसू लागते.

नेत्रविभागात तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांना दूरचे पाहण्याचा नंबर निघाला. वाढत्या वयात बुबुळापासून मागे डोळ्याचा गोळा प्रमाणापेक्षा लांब होतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते; हा तो दोष. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. त्याशिवाय सतत अगदी जवळून पाहणे आणि उघड्यावर, दिवसाच्या उजेडात कमी वेळ घालवणे यांचाही संबंध दिसून आला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर ठेवला. तीन वर्षांनी तिथल्या ३०.४ टक्के मुलांना हा दोष आला. जादा तास नसलेल्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, थेंब नाहीत, फक्त मैदान.

वडिलांना म्हटले, "नंबर तर आलाच आहे. चष्मा लावला नाही म्हणून तो जाणार नाही, फक्त फळा दिसणार नाही. मोठा मुलगा काय करतो?"

"डिप्लोमाला आहे. कॉम्प्युटरच्याच."

"त्याला चष्मा आहे?"

"आहे की. आठवीपासून." एवढे बोलून तेच थबकले. मीही पुढे काही बोलले नाही.

मुलीला विचारले, "या विषयात शिकवतात तरी काय?" आता तिने मान वर केली. उजवा हात पुढे धरला. अंगठा म्हणजे १, पुढची बोटे २, ४, ८ आणि १६. अंगठा आणि मधले बोट उभे केले की पाच. अशा रीतीने एका हातावर ३१ पर्यंत मोजता येते आणि संगणकही असेच, फक्त 'आहे' आणि 'नाही' यांच्यावर मोजतो, हे तिने मला समजावले. मग म्हणाली, "मॅडम, १ ते १०० मधला एक आकडा मनात धरा. सात प्रश्नांत ओळखते." पहिला प्रश्न आला, "पन्नासपेक्षा मोठा आहे?" दर प्रश्नाला निम्मे आकडे बाद होत गेले आणि सातव्या प्रश्नाआधीच तिने माझा आकडा सांगितला.

तीस वर्षे मी दुसरे काय करते आहे? ताप किती दिवसांचा, थंडी वाजते का, लघवीला जळजळ आहे का? नेमका प्रश्न विचारायचा आणि शक्यता कमी करत जायच्या. निदान म्हणजे तरी हेच.

गंमत म्हणजे तिने मला जे दाखवले त्यात पडदा कुठेच नव्हता. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांबरोबर नव्वदच्या दशकात पत्ते, दोऱ्या आणि खेळ यांतून संगणकशास्त्र शिकवण्याची अशीच पद्धत तयार केली. ती आज जगभर वापरली जाते. इंग्लंडमध्ये शाळेतला संगणक म्हणजे पत्र टाइप करणे आणि तक्ते बनवणे, एवढेच होऊन बसल्याची टीका २०१२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने केली. २०१४ पासून तिथे अभ्यासक्रम बदलला आणि विचार करण्याच्या पद्धतीवर भर आला. आपल्याकडेही २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंगचा उल्लेख आहे. तेव्हा हा विषय येणारच. तो पडद्याला किती चिकटवायचा, हे मात्र आपल्या हातात आहे.

शाळांनी काही साध्या गोष्टी कराव्यात. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकू नये. पाय लोंबकळत असतील तर खाली फळी ठेवावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायला लावावे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून मुद्दाम पापण्या मिटायला सांगावे. आणि संगणकाच्या तासासाठी खेळाचा तास कधीही कापू नये.

घरच्यांसाठी: झोपण्याआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांवर पैसे घालवू नका. २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात डोळ्यांचा थकवा कमी होण्यास त्यांचा फारसा उपयोग दिसला नाही. मात्र डोकेदुखीने झोपेतून जाग येत असेल, सकाळी उलट्या होत असतील किंवा एकाची दोन दिसत असतील, तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, थेट डॉक्टरांकडे या.

चिठ्ठी मी दिली. त्यात लिहिले: 'विद्यार्थिनीस चष्मा दिला आहे. तो लावून तिने संगणकाच्या तासास बसण्यास वैद्यकीय हरकत नाही. रोज मैदानावर पाठवावे.' वडिलांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. दारातून मुलीने मागे वळून विचारले, "मॅडम, शंभरऐवजी हजार आकडे असतील तर किती प्रश्न लागतील?"

मला हिशेब करावा लागला. उत्तर दहा आहे.