माजलगावच्या उन्हात दगडी प्रवाळ

एप्रिल-मेमध्ये माजलगावात पारा चाळिशी ओलांडतो. घरच्या टाकीत दगडी प्रवाळ पाळायचं, तर त्याला पाणी लागतं पंचवीस-सव्वीस अंशांचं. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. म्हणून पाणी थंड ठेवणारा चिलर हवाच, तोही वीज गेल्यावर चालणारा. बोअरचं पाणी नको. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम. सांगाड्यासाठी कॅल्शियम लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर.

पण आधी कायदा पाहा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सारी दगडी प्रवाळं आहेत. समुद्रातून तुकडा उचलणं गुन्हा. माझं ऐकाल तर टाकीचा खर्च वाचवा आणि मालवण गाठा. तिथे 1987पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्यात उतरून प्रवाळं बघा, हात मात्र लावू नका.