खारावलेली जमीन आणि भरपाईचा पैसा



जमिनीतून खनिज तेल काढताना त्याबरोबर पुष्कळ खारे पाणीही वर येते. ते उघड्या खड्ड्यात साठवले की मातीत मुरते. मिठातील सोडियममुळे जमीन चोपण बनते, पाण्याचा निचरा थांबतो व पिकाची मुळे गुदमरतात. अशी जमीन नुसती नांगरून सुधारत नाही.

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात असेच घडले. तेथे जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. तो आपल्यासारखा धर्मग्राम नव्हे. कॅल्कशू पॅरिशमधील काही मालकांनी शेल कंपनीला भाडेपट्ट्याने दिलेली जमीन मुदतीअखेर दूषित होऊन परत आली. प्रकरण न्यायालयात गेले. जमीन पूर्ववत करण्यासाठी ठरलेली ३ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कायम केली. जमिनीची बाजारभावाने किंमत होती अवघी १ लाख ८ हजार डॉलर!

परंतु ती रक्कम जमिनीच्या सफाईवरच खर्च करण्याचे बंधन मालकांवर नव्हते. मग भूगर्भातील पाण्याचे काय? ते तर साऱ्या गावाचे. म्हणून २००६ साली राज्याने ३१२ क्रमांकाचा कायदा करून रीत घालून दिली:

१. दावा लावणाऱ्याने सरकारी खात्याला नोटीस द्यावी.
२. नुकसान झाले काय व जबाबदार कोण, हे न्यायालयात ठरावे.
३. जबाबदार पक्षाने सफाईची योजना सादर करावी. दुसऱ्या पक्षालाही आपली योजना मांडता येते.
४. खात्याने जाहीर सुनावणी घेऊन सर्वांत व्यवहार्य योजना ठरवावी.
५. सफाईचा पैसा न्यायालयात जमा व्हावा व योजनेप्रमाणे काम होते की नाही यावर न्यायालयाने नजर ठेवावी.

सफाई झाली हे ओळखायचे कसे? त्याचीही मापे आहेत. तेलाचे खड्डे बुजवताना उंचावरील जमिनीत तेलाचा अंश १ टक्क्याहून अधिक नसावा व मातीची विद्युतवाहकता ४ मिलिम्होपेक्षा जास्त नसावी, असा तेथील नियम आहे.

हा कायदा आपल्याकडे लागू नाही. तरी अंकलेश्वर, मेहसाणा या भागांत तेलविहिरी आहेत व आपले काही वाचक त्यांपासून फार दूर नाहीत. कोणत्याही कंपनीला जमीन देण्यापूर्वी माती व विहिरीचे पाणी तपासून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. जमीन कोणत्या स्थितीत परत मिळावी, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर तेलही गेले, तूपही गेले आणि हाती धुपाटणे आले, अशी गत व्हायची.