मुरलेली तंबाखू : चव सौम्य, विष कायम

हुडकेश्वर (नागपूर) : प्रतिनिधी

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, तांदूळ जुना झाला की त्याचा भाव वाढतो. तंबाखूलाही हाच न्याय लावणारा एक वर्ग आहे. 'जुनी तंबाखू लागत नाही' हे वाक्य हुडकेश्वर मार्गावरील पानठेल्यांपासून पाइप ओढणाऱ्या हौशी मंडळींच्या बैठकीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यामुळे कुणी काचेच्या बरणीत, कुणी पत्र्याच्या डब्यात, तर कुणी फडताळातील प्लास्टिकच्या पिशवीत तंबाखू राखून ठेवतो. मुरताना तंबाखूत नेमके काय घडते? ती खरोखरच निरुपद्रवी होते काय? चव सुधारते हे खरे आहे. मात्र त्यावरून काढला जाणारा दुसरा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आरोग्याने मोजावी लागते.

पान ते तंबाखू

शेतातून तोडलेले हिरवे पान वापरण्याजोगे नसते. ते आधी वाळवावे लागते. व्हर्जिनिया जातीचे पान बंद भट्टीत गरम हवेने साधारण आठवडाभरात वाळवतात. या काळात पानातील पिष्टाची साखर होते आणि पान पिवळे पडते. बर्ली जातीचे पान सावलीत, मोकळ्या हवेत काही आठवडे टांगून ठेवतात. त्यात साखर जवळजवळ उरत नाही. लटाकिया धुरावर वाळवतात. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या सीमाभागातील निपाणी परिसरात पिकणारी विडीची तंबाखू मात्र उन्हात वाळते.

वाळलेल्या पानातील पाण्याचा अंश सुमारे बारा टक्क्यांवर आणून ते दाबून बांधतात आणि वखारीत एक ते तीन वर्षे ठेवतात. यालाच मुरवणे म्हणतात. पानातील साखर आणि अमिनो आम्ले यांची हळूहळू अभिक्रिया होते. पाव भाजताना त्याला तपकिरी रंग व खमंग वास येतो, तो याच अभिक्रियेने. पानातील पिवळी रंगद्रव्ये फुटून सुगंधी द्रव्ये तयार होतात आणि घशाला बोचणारा अमोनिया उडून जातो. पान गडद होते आणि चव गोलाई धरते.

मुरवण्याचा हा काळ पैसा मागतो. ज्याच्याकडे वखार आणि भांडवल आहे, तोच थांबू शकतो. शेतकऱ्याला हंगामातच माल विकावा लागतो. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला, तो रास्त भावासाठीच. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तंबाखूच्या सुगंधामागे हाही इतिहास आहे.

बरणीतील प्रयोग

पाइपचे शौकीन हीच प्रक्रिया घरी पुढे चालू ठेवतात. हवाबंद झाकणाची काचेची बरणी, अंधारे कपाट आणि बरणीवर भरल्याचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी, एवढाच त्यांचा सरंजाम. साखर अधिक असल्याने व्हर्जिनिया वर्षानुवर्षे सुधारते. लटाकियाचा धुरकट वास काळाबरोबर फिका होतो. वरून सुगंध चोळलेल्या तंबाखूला मुरवण्याने फारसा लाभ होत नाही.

नागपूरच्या हवेत मात्र हा प्रयोग सोपा नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत बरणीतील अभिक्रिया वेगाने होतात, पण चव गोल होण्याऐवजी करपट लागते. त्याच दिवसांत घरोघरी कूलर सुरू असतात. कूलरच्या हवेने खोलीतील दमटपणा वाढतो, पुढे पावसाळा येतो आणि झाकण सैल असेल तर बुरशी धरते. पानांवर दिसणारा पांढरा थर म्हणजे 'मुरल्याची खूण' अशी समजूत आहे. पण कापसासारखे तंतू किंवा कुबट वास असेल तर ती बुरशीच होय. असा साठा उन्हात वाळवून पुन्हा वापरू नये. तो टाकून द्यावा.

दुसरा शत्रू आहे तंबाखूचा भुंगेरा. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा तपकिरी किडा पानाला टाचणीने पाडल्यासारखी बारीक छिद्रे पाडतो. तीस अंशांच्या आसपास त्याची एक पिढी महिना-दीड महिन्यात पूर्ण होते. तो केवळ तंबाखूवर जगत नाही, हळद, मिरची, धणे यांतही शिरतो. स्वयंपाकघरात तंबाखू ठेवणाऱ्या घरात मसाल्यांना कीड लागते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पाइप थोडे, खर्रा घरोघरी

नागपुरात पाइप ओढणारे मोजकेच. येथील खरी तंबाखू खर्र्याची. किसलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकवर घोटलेली ही पुडी विदर्भाच्या कानाकोपऱ्यात मिळते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे राज्याचा प्रश्न मुख्यतः चघळण्याच्या तंबाखूचा आहे.

सकाळी घेतलेली पुडी दिवसभर खिशात आणि उरलेली रात्री घरी, असा अनेकांचा क्रम असतो. पाइपच्या कोरड्या तंबाखूपेक्षा ही साठवण अधिक घातक आहे. त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. तंबाखूच्या पानात नायट्रेट असते. ओलावा आणि ऊब मिळाली की काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट निकोटीन व त्याच्या भाईबंद द्रव्यांशी संयोग पावते आणि नायट्रोसामाइन तयार होतात. हिरव्या पानात ती नगण्य असतात. वाळवताना, आंबवताना आणि साठवताना ती वाढत जातात. त्यांपैकी 'एनएनएन' आणि 'एनएनके' ही दोन द्रव्ये मानवात कर्करोग घडवणारी म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवली आहेत. सुपारीही त्याच गटात आहे.

स्वीडनमधील 'स्नूस' या ओल्या तंबाखूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे तंबाखू आंबवण्याऐवजी वाफेने तापवतात आणि शीतपेटीत ठेवतात, कारण जीवाणू थोपवले की नायट्रोसामाइनही थोपतात. त्यामुळे स्नूस निरुपद्रवी ठरत नाही, पण साठवणुकीचा परिणाम किती मोठा असतो हे त्यावरून कळते.

चुन्याचे काम वेगळेच आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतील त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते. तंबाखूला 'किक' येते ती यामुळे. सुपारीमुळे गालाचा आतील भाग हळूहळू ताठर होतो. प्रथम तिखट सोसत नाही, मग तोंड पूर्ण उघडत नाही. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे.

सौम्य म्हणजे सुरक्षित नव्हे

मुरण्याने अमोनिया जातो, बोचरेपणा जातो. निकोटीन मात्र जवळपास तेवढेच राहते आणि नायट्रोसामाइन कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात. 'लागत नाही' या अनुभवाचा अर्थ एवढाच की धोक्याची सूचना देणारी चव नाहीशी झाली. चव सौम्य झाल्याने माणूस अधिक ओढतो, अधिक वेळ चघळतो. पाइपचा धूर छातीत न घेणाऱ्यांनाही ओठ, जीभ आणि घशाच्या कर्करोगाचा धोका असतोच.

घरात तंबाखू असेल तर

* ती स्वयंपाकघरात किंवा खाद्यपदार्थांच्या डब्यात कधीही ठेवू नये. डब्यावर नाव लिहून, कुलूप लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.
* लहान मुलाने थोडी तंबाखू गिळली तरी उलट्या, लाळ सुटणे, घाम, पुढे अशक्तपणा व झटके येऊ शकतात. मुद्दाम उलटी करवू नये. उरलेली तंबाखू सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.
* कोरडी पडलेली तंबाखू पाणी शिंपडून ओली करू नये. जीवाणू आणि बुरशीला तेच हवे असते.
* राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली, पुढे सुगंधी तंबाखू व सुपारीही तिच्या कक्षेत आली आणि बंदीची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. ही बंदी विक्रीपुरती नाही, साठवणुकीलाही लागू आहे.
* तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ मध्ये महापालिका हद्दीत आली. शेतांच्या जागी वसाहती आल्या आणि वसाहतींबरोबर पानठेलेही आले. येथून शहराकडे जाताना म्हाळगीनगर चौक आणि मानेवाडा ओलांडला की तुकडोजी पुतळा चौकात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय लागते. रोज खिशात पुडी घेऊन या इमारतीवरून जाणारे असंख्य आहेत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. लोणचे मुरू द्यावे, मुरांबा मुरू द्यावा. व्यसन मात्र मुरण्यापूर्वीच सोडलेले बरे.