हेन्री पार्क्स : स्थलांतरिताची पत्रे आणि वसाहतीचे राजकारण

न्यू साउथ वेल्स वसाहतीचे पाच वेळा प्रीमियर झालेले सर हेन्री पार्क्स (१८१५–१८९६) हे ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याचे जनक मानले जातात. त्यांचे पुतळे, चित्रे आणि भाषणे यांतून दिसतो तो पांढऱ्या दाढीचा वयोवृद्ध मुत्सद्दी. १८३९ मध्ये सिडनी बंदरात उतरलेला चोवीस वर्षांचा कफल्लक कारागीर मात्र आपल्याला भेटतो तो त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत. ही पत्रे त्यांच्या निधनाच्या वर्षी ‘अ‍ॅन एमिग्रंट्स होम लेटर्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या राजकारणाची मुळे शोधणाऱ्याने ती आधी वाचावीत.

पार्क्स यांचा जन्म २७ मे १८१५ रोजी वॉरिकशायरमधील स्टोनली परगण्यात झाला. सात भावंडांत ते धाकटे. वडील एका मोठ्या जमीनदाराचे कूळ होते. १८२३ मध्ये कर्जापायी शेत सुटले आणि काही काळ वेल्समध्ये काढून कुटुंब बर्मिंगहॅमला आले. शालेय शिक्षण नावापुरतेच झाले. लहानपणीच दोर वळण्याच्या कामावर दिवसाला चार पेन्स मजुरीने राबावे लागले. रस्त्यासाठी खडी फोडण्याचे कामही त्यांनी केले. पुढे हाड व हस्तिदंत कातणाऱ्या कारागिराकडे त्यांनी उमेदवारी केली. शाळेने दिले नाही ते त्यांनी कारागिरांसाठी चालणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमधून आणि स्वतःच्या वाचनातून मिळवले. त्या काळी बर्मिंगहॅम हे मताधिकाराच्या चळवळीचे मोठे केंद्र होते. थॉमस अ‍ॅटवुड यांच्या पोलिटिकल युनियनच्या सभा आणि नंतरची चार्टिस्ट चळवळ यांत त्यांचे राजकीय मन घडले.

१८३६ मध्ये क्लॅरिंडा व्हार्नी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वतंत्र धंदा चालला नाही, दोन मुले तान्हेपणीच गेली, लंडनमध्येही काम मिळेना. शेवटी मार्च १८३९ मध्ये पतिपत्नी ‘स्ट्रॅथफील्डसे’ जहाजावर चढली. भाडे त्यांनी भरले नव्हते. वसाहतीतील सरकारी जमिनी विकून आलेल्या पैशातून मजूर-कारागीर आणण्यासाठी अनुदान दिले जाई; त्या योजनेतून ते आले. या ‘सरकारी’ जमिनी तेथील मूळ रहिवाशांच्या होत्या आणि त्यांना त्यांचे मोल मिळाले नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

सुमारे चार महिन्यांच्या प्रवासाच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियाचा किनारा जवळ आला असता, मुलीचा जन्म झाला. २५ जुलैला तिघे सिडनीत उतरली तेव्हा हाती मोजके शिलिंग होते. ओळखीचे कोणी नव्हते. घरातले सामान विकून दिवस काढल्यावर पार्क्स यांनी पेनरिथजवळ सर जॉन जेमिसन यांच्या मळ्यावर शिधा आणि वर्षाला २५ पौंड या बोलीवर मजुरी पत्करली. तेथे सहा महिने काढून ते सिडनीला परतले आणि १८४० मध्ये जकात खात्यात लागले.

निघण्यापूर्वीच्या पत्रांत वसाहतीविषयी भरभरून आशा आहे. नव्या देशात दोघांचे भाग्य उजळेल, असा धीर ते बहिणीला देतात. तेथे पोहोचल्यानंतरच्या पत्रांत हा सूर पार बदलतो. इंग्लंडमध्ये छापली जाणारी वर्णने फसवी आहेत, असे ते स्पष्ट कळवतात. तरीही ते परत गेले नाहीत. १८५० मध्ये त्यांनी ‘एम्पायर’ हे पत्र काढले आणि १८५४ मध्ये ते विधान परिषदेवर निवडून आले.

पुढची हकिगत विचार करायला लावणारी आहे. १८६१ मध्ये ‘या वसाहतीत या’ असे इंग्लंडच्या लोकांना सांगण्यासाठी सरकारने दोन आयुक्त पाठवले, त्यांपैकी एक पार्क्स होते. पगार वर्षाला १००० पौंड, म्हणजे मळ्यावरील मजुरीच्या चाळीस पट. शाळेला मुकलेल्या या माणसाने १८६६ आणि १८८० च्या कायद्यांनी सार्वजनिक शिक्षणाचा पाया घातला. त्यांच्याच कारकिर्दीत १८८१ मध्ये चिनी स्थलांतरितांवर माणशी दहा पौंडांचा कर बसला. १८८८ मध्ये तो शंभर पौंड झाला. त्यांच्यासारखेच पोटासाठी समुद्र ओलांडून येणाऱ्यांना त्यांनी दार बंद केले.

स्वतः सोसलेल्या हलाखीमुळे माणूस सगळ्याच दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो, असे चरित्रकार सहज गृहीत धरतो. पार्क्स यांच्याबाबतीत शिक्षणापुरते ते खरे ठरते. स्थलांतराबाबत ठरत नाही. त्यांची सहानुभूती ब्रिटिश कष्टकऱ्याच्या सीमेपाशी थांबली. चरित्राच्या अभ्यासकाने म्हणूनच ही घरगुती पत्रे आणि पुढील कायदे शेजारी ठेवून वाचावेत. नुसत्या पत्रांवरून पार्क्स केवळ पीडित वाटतील, नुसत्या कायद्यांवरून केवळ सत्ताधारी.