पाण्यातले सायनाइड: घोळ बाटलीतच होतो

गैरसमज: सायनाइड असेल तर कडू बदामाचा वास येणारच.

वस्तुस्थिती: कितीतरी माणसांना हा वास जन्मापासूनच ओळखता येत नाही. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात सायनाइडची मर्यादा लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा निवाडा नाकावर सोपवणे धोक्याचे आहे.

गैरसमज: नमुना कुठल्याही बाटलीत भरून सवडीने तपासायला दिला तरी चालतो.

वस्तुस्थिती: सगळ्यात मोठी चूक हीच. साध्या पाण्यात मोकळे सायनाइड बहुतांशी हायड्रोजन सायनाइडच्या रूपात असते, आणि ते सुमारे 26 अंशांनाच उकळते. झाकण सैल राहिले, बाटली उन्हात पडली, की विष हवेत उडून जाते आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ येतो. म्हणून जागेवरच कॉस्टिक सोडा घालून सामू 12 च्या वर न्यायचा आणि बाटली बर्फात, अंधारात ठेवायची.

सोडा घालण्याआधी दोन कागद बुडवून बघायचे. आयोडाइड-स्टार्चचा कागद निळा पडला तर पाण्यात क्लोरीन आहे; ते वाटेतच सायनाइड संपवते, त्यामुळे आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळवंडला तर सल्फाइड आहे, आणि त्यानेही आकडा बिघडतो.

गैरसमज: सायनाइड सगळे सारखेच.

वस्तुस्थिती: लोखंडाशी घट्ट बांधलेले सायनाइड तुलनेने कमी विषारी असते, पण उन्हात ते सुटू शकते. म्हणून 'एकूण' सायनाइड मोजताना नमुना आम्लात उकळून निघालेला वायू कॉस्टिक सोड्यात पकडतात, मग क्लोरॅमिन-टी आणि पिरिडिन-बार्बिट्युरिक आम्लाने येणारा रंग 578 नॅनोमीटरवर वाचतात.

गैरसमज: माणसाला चालते ते नदीलाही चालते.

वस्तुस्थिती: माशांना माणसापेक्षा फार कमी सायनाइड पुरते. 30 जानेवारी 2000 रोजी रोमानियातल्या बाया मारे इथे सोने काढणाऱ्या प्रकल्पाचा बांध फुटला. सायनाइड मिसळलेले पाणी नद्यांत गेले आणि हंगेरीत तिसा नदीत माशांचा खच पडला.

गैरसमज: रिपोर्टवर 'एनडी' (नॉट डिटेक्टेड) म्हणजे सायनाइड नाहीच.

वस्तुस्थिती: 'एनडी' म्हणजे त्या पद्धतीला ते सापडले नाही, एवढेच. पद्धत 0.1 मिलिग्रॅमच्या खालचे पकडतच नसेल, तर 0.05 च्या मर्यादेबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. रिपोर्ट हातात घेताना पद्धतीची शोधमर्यादा विचारा, आणि नमुन्यात सोडा कधी घातला तेही.