रॉबिन गेला कुठे?

एका वाचकाने पत्रातून विचारलंय: फ्योदर खित्रुक यांच्या 'विनी-पूख'मध्ये, म्हणजे विनी-द-पूह अस्वलावरच्या सोव्हिएत अ‍ॅनिमेशनपटांत, सगळे आहेत, मग ख्रिस्तोफर रॉबिन कुठे गेला? या प्रश्नाची दोन ओळींत बोळवण करणं अन्यायाचं होईल.

लेखक मिल्नच्या १९२६च्या मूळ पुस्तकात रॉबिन हा मुलगा सगळ्यांचा आधार. पूह फुग्याला लटकला की छत्री घेऊन येरझाऱ्या घालतो तो, बंदुकीने फुगा फोडतो तोच. सोयूझमुल्तफिल्म स्टुडिओच्या १९६९च्या पहिल्या भागात ही दोन्ही कामं पिगलेटवर येतात. भित्रं, एवढंसं डुकराचं पिल्लू मित्रासाठी बंदूक उचलतं! खित्रुक यांना या प्राण्यांच्या डोक्यावर त्यांच्याहून शहाणा माणूस नको होता. तो काढला आणि सगळे एका पातळीवर आले.

गंमत म्हणजे डिस्नेने तीनच वर्षं आधी, १९६६ मध्ये, नेमकं उलटं केलं होतं. दिग्दर्शक राइटरमन यांच्या 'हनी ट्री' या पूहपटात रॉबिन आहे, त्याची खरीखुरी खोलीही दिसते. पिगलेट मात्र गायब.

आणि खरं तर खित्रुक यांनी मुलाला फक्त पात्र म्हणून काढलं. त्याचा हात चित्रात ठेवला. चित्रकार व्लादिमिर झुइकोव आणि एदुआर्द नाझारोव यांची पार्श्वचित्रं नीट बघा: रंगीत खडूने गिरवल्यासारखं जंगल, रेषेबाहेर सांडलेला रंग, लांब-जवळचा फारसा हिशेब नाही. पूखचे काळे पंजे तर धडाला जोडलेलेच नाहीत! चालताना एकाच बाजूचा हात आणि पाय बरोबर पुढे पडतात. ही मुळात चित्र हलवताना झालेली चूक. पण त्या डुलत्या चालीतला तोरा खित्रुक यांना आवडला आणि त्यांनी ती तशीच ठेवली. शाळकरी पोराच्या वहीतलं अस्वल असंच चालेल. डिस्नेच्या सफाईदार पूहपेक्षा हा पूख मिल्नच्या जास्त जवळचा वाटतो तो यामुळेच.

आवाजांनीही हाच पोरकटपणा सांभाळला. पूखला आवाज देणाऱ्या येवगेनी लिओनोव यांचा भारदस्त आवाज ध्वनिमुद्रणानंतर वेगवान केला गेला. इया साव्विना यांनी पिगलेटसाठी कवयित्री बेला अख्मादुलिना यांच्या बोलण्याची ढब उचलली.

मुलगा नसल्याचा सर्वांत मोठा फायदा झाला तो १९७२च्या तिसऱ्या भागाला. पुस्तकात गाढवाची हरवलेली शेपूट आणि त्याचा वाढदिवस ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि सापडलेली शेपूट खिळ्याने ठोकून बसवतो रॉबिन. चित्रपटात दोन्ही एकत्र आणली. पूख रिकामं मडकं आणतो, पिगलेट फुटका फुगा, आणि घुबड दाराच्या घंटेला बांधलेली ती दोरी, म्हणजे गाढवाचीच शेपूट, त्याला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकतं.