सास्तूरच्या बालवाडीला खिडकी केवढी?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि सास्तूर गावातली माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

ती घरं अडाणीपणाने बांधलेली नव्हती. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचा जाड थर. वैशाखातही आत गारवा राही. उजेड यायचा तो मुख्यतः दारातून आणि माळवदातल्या झरोक्यातून. दोष भिंतीच्या पोटात होता. आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांत सांधलेला नसे, मध्ये नुसता भराव. धक्क्यासरशी थर सुटले आणि वरचं ओझं खाली आलं.

म्हणून इथे बालवाडी आखताना खिडकी किती मोठी, हे आधी भिंतीला विचारावं लागतं. खिडक्या वाढल्या की भिंत दुबळी होते. पण जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला, आरपार जोडदगड घातले, खिडक्या कोपऱ्यांपासून लांब ठेवल्या, तर उजेडाची चैन परवडते. उंची मात्र मुलाच्या मापाने ठरावी. नेहमीची तीन फुटांवरची खिडकी चार वर्षांच्या मुलाला बहुतेक आभाळच दाखवते; दीड फुटावर घेतली की तीच बसायची जागा होते. उत्तरेचा उजेड मोकळेपणाने घ्यावा, पश्चिमेची भिंत जवळपास बंद ठेवावी.

खोल्या जोडायला अंगणासारखं दुसरं काही नाही, आणि ही कल्पना आपल्याकडचीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली; अंगणवाडी हे नाव तिथलं. पुढे सरकारी योजनेत नाव टिकलं, अंगण मात्र अनेक ठिकाणी एका खोलीत आक्रसलं, याचं वाईट वाटतं.

जपानसारख्या भूकंपांच्या देशात, तोक्योजवळच्या ताचिकावात, वास्तुविशारद तेझुका दांपत्याने २००७ मध्ये फुजी बालवाडी लंबगोल बांधली. मधोमध अंगण, वर्गांमध्ये भिंती नाहीत, छतावर मुलं धावतात आणि जुनी झाडं छतातून वर गेली आहेत.

सास्तूरला इतका खर्च नको. तीन-चार खोल्या, पुढे व्हरांडा, मध्ये लिंबाचं झाड. प्रत्येक खोलीला थेट अंगणात जाणारं दार हवं, कारण खेळायला धावायची वाट आणि जमीन हलली तर निसटायची वाट तीच. ते दार बाहेरच्या बाजूला उघडावं आणि त्याला उंबरा नसावा.